अरण्यातील कीड आणि जमाखर्चातील चूक

कॅनडाच्या पश्चिमेकडील ब्रिटिश कोलंबिया प्रांतात १९९० च्या दशकात पाइन वृक्षांच्या अरण्यांचे मोठमोठे पट्टे तांबडे दिसू लागले. पानगळीपूर्वीचा तो रंग नव्हता. पाइन हा सदाहरित वृक्ष आहे आणि त्याचा सारा पर्णभार तांबडा पडतो तो झाड मेल्यानंतरच. तांदळाच्या दाण्याएवढा एक भुंगेरा या संहाराचे कारण होता. पुढील सुमारे वीस वर्षांत या ‘माउंटन पाइन बीटल’ने १ कोटी ८० लाख हेक्टर क्षेत्रात कमीअधिक प्रमाणात आपला अंमल बसविला. महाराष्ट्राच्या एकंदर क्षेत्रफळाच्या निम्म्याहून अधिक भरेल एवढे हे क्षेत्र आहे. प्रांतातील विक्रीयोग्य पाइन लाकडापैकी निम्म्याहून अधिक लाकूड अरण्यात उभ्याउभ्याच मृत झाले.

हा भुंगेरा परदेशातून आलेला पाहुणा असता तर गोष्ट समजण्यासारखी होती. परंतु तो त्या अरण्याचाच जुना रहिवासी आहे. म्हातारी आणि दुबळी झाडे संपवून नव्या रोपांना जागा मोकळी करून देणे, हे काम तो पिढ्यान्पिढ्या करीत आला. मग तोच कीटक एकाएकी अरण्याचा काळ का ठरला? हवामानबदल हे या प्रश्नाचे उत्तर दिले जाते, आणि ते खरेही आहे. मात्र ते पुरेसे नाही. तापलेल्या हवेने चोराला दार उघडून दिले, हे मान्य केले तरी घरात एकाच जातीचा माल ठासून भरण्याचे काम माणसाने आधीच केलेले होते. आणि चोरीनंतर उरलेला माल विकून आलेल्या पैशाला त्याने उत्पन्न मानले, ही त्यापुढची चूक होय. हा प्रश्न म्हणूनच कीटकशास्त्राइतकाच अर्थशास्त्राचाही आहे.

थंडीचा पहारा

या भुंगेऱ्याचे जीवनचक्र पाहिले म्हणजे हवामानाचा संबंध स्पष्ट होतो. उन्हाळ्याच्या उत्तरार्धात प्रौढ भुंगेरे उडतात. मादी झाडाची साल पोखरून आत शिरते आणि विशिष्ट गंध सोडून आपल्या जातभाईंना बोलावते. झाड राळ सोडून प्रतिकार करते. दहा-वीस शत्रूंना ते राळेत बुडवू शकते. हजारोंनी एकदम चाल केली की त्याचे बळ संपते. भुंगेऱ्यांनी अंगाबरोबर आणलेली बुरशी लाकडात पसरून पाणी चढण्याचा मार्ग बंद करते, अळ्या सालीखालचा अन्नवाहक थर फस्त करतात आणि वर्षभरात झाड तांबडे पडते.

अळ्या हिवाळा सालीखालीच काढतात. थंडी सोसण्यासाठी त्यांच्या शरीरात ग्लिसरॉल साठते. त्यामुळे साधा हिवाळा त्यांचे फारसे बिघडवीत नाही. परंतु पारा शून्याखाली ३५ ते ४० अंशांपर्यंत उतरून काही दिवस तेथेच राहिला, किंवा अळ्यांची तयारी पुरी होण्याआधीच शरदात कडक थंडी पडली, तर त्या मोठ्या संख्येने मरतात. याच प्रांतातील चिलकोटिन पठारावर पूर्वी झालेला मोठा उद्रेक १९८० च्या दशकाच्या मध्यास अशाच अकाली थंडीने आटोक्यात आणला होता. त्या कामासाठी सरकारने एक डॉलरही खर्च केला नव्हता. थंडी ही त्या अरण्याची बिनपगारी राखणदार होती. ब्रिटिश कोलंबियाच्या अंतर्भागातील हिवाळे सौम्य होत गेले तसा हा पहारा सैल झाला. बिनपगारी राखणदाराचे नाव कोणत्याही हजेरीपटावर नसते. तो निघून गेल्याची नोंद म्हणूनच कोणत्याही अंदाजपत्रकात झाली नाही.

उष्णतेने आणखी दोन गोष्टी केल्या. उंचावरील ज्या थंड प्रदेशात कीटकाची एक पिढी पूर्ण व्हायला दोन वर्षे लागत, तेथे ती एका वर्षात पूर्ण होऊ लागली. आणि उन्हाळ्यातील दुष्काळाने तहानलेल्या झाडांची राळ निर्माण करण्याची शक्ती घटली. शत्रूचे बळ वाढावे आणि त्याच वेळी तटबंदी खचावी, असा हा दुहेरी प्रकार होता. २००६ साली या भुंगेऱ्यांचे प्रचंड थवे रॉकी पर्वत ओलांडून आल्बर्टा प्रांतात उतरले. २०११ साली पूर्वी त्यांचे भक्ष्य नसलेल्या जॅक पाइन या जातीत त्यांचा शिरकाव सिद्ध झाला. जॅक पाइनचा पट्टा कॅनडाच्या पूर्व भागापर्यंत गेलेला असल्यामुळे ही घटना विशेष चिंतेची ठरली. पुढे २०१९ च्या सुमारास आल्बर्टात काही कडाक्याचे हिवाळे आले आणि तेथील भुंगेऱ्यांची संख्या झपाट्याने कोसळली. थंडीचे मोल किती, याचा हा उलट बाजूने मिळालेला पुरावा होय.

यावरून उष्णता वाढली की प्रत्येक कीड वाढतेच, असा सरसकट निष्कर्ष मात्र काढता येणार नाही. आल्प्स पर्वतातील लार्च वृक्षांवर एका पतंगाच्या अळ्यांचे उद्रेक सुमारे १२०० वर्षे दर आठ-नऊ वर्षांनी नियमाने होत आले होते. १९८० च्या दशकापासून हवा तापू लागल्यावर हा ताल बिघडला आणि उद्रेक मंदावले. काही कीटकांचे फावते, काहींचे बिनसते. पूर्वीच्या अनुभवावर बेतलेली वेळापत्रके मात्र दोन्ही बाबतींत निकामी होतात.

एकाच वयाचे अरण्य

आता दुसरी बाजू. लॉजपोल पाइन या वृक्षाच्या प्रदेशात वणवे नैसर्गिक होते. कोठे जुने अरण्य जळे, कोठे नवे उगवे. परिणामी लहान, मध्यम आणि वृद्ध झाडांचे तुकडे एकमेकांत मिसळलेले असत. भुंगेऱ्याला जाड सालीची, पक्व वयाची झाडेच मानवतात. अशा तुकड्यातुकड्यांच्या अरण्यात त्याची भूक कोठेतरी अडत असे. विसाव्या शतकात वणवे विझविण्याचे तंत्र आणि यंत्रणा सुधारली. लाकूड ही संपत्ती, तेव्हा ती आगीपासून वाचविणे हे कर्तव्य, असा सरळ हिशेब त्यामागे होता. त्या दृष्टीने ही कामगिरी यशस्वीही झाली. परंतु शतकाच्या अखेरीस पक्व पाइन अरण्याचे क्षेत्र शतकारंभीच्या सुमारे तिप्पट झाले होते. शेकडो मैल एकाच जातीची, जवळपास एकाच वयाची झाडे उभी राहिली. वनखात्याच्या दप्तरी तो साठा होता. भुंगेऱ्याच्या दृष्टीने ती पंगत होती.

विदर्भ-मराठवाड्यातील कापूस उत्पादकांना ही गोष्ट उलगडून सांगण्याची गरज नाही. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने शेतेच्या शेते पोखरली तेव्हा एकाच पिकावर आणि एकाच प्रकारच्या बियाण्यावर सारी मदार ठेवण्याचा अर्थ त्यांना पुरेपूर कळला. फरक इतकाच की शेतकरी पुढल्या हंगामात पीक बदलू शकतो. अरण्याचा हंगाम ऐंशी-शंभर वर्षांचा असतो.

नुकसान जमेच्या बाजूस

उद्रेक हाताबाहेर गेल्यावर प्रांतिक सरकारने घेतलेला निर्णय व्यवहारी होता. मेलेले झाड काही वर्षे उपयोगी राहते. नंतर ते वाळून तडकते आणि त्याची किंमत उतरते. तेव्हा ते खराब होण्याआधी तोडावे, या हेतूने बाधित भागांत वार्षिक अनुज्ञेय तोडीची मर्यादा वाढविण्यात आली. आरागिरण्या पूर्ण वेळ चालू लागल्या, काहींची क्षमता वाढली. अमेरिकेत त्या काळी घरबांधणीची तेजी होती, त्यामुळे मालाला गिऱ्हाईक मिळाले. क्वेनेल, प्रिन्स जॉर्ज यांसारख्या गावांत संकटाच्या ऐन काळात रोजगार होता, मजुरी होती आणि सरकारच्या तिजोरीत स्वामित्वशुल्क जमा होत होते. आकडेवारी पाहणाऱ्यास अरण्य मरत आहे, याची शंकाही आली नसती.

मेलेली झाडे तोडली, यात गैर काही नव्हते. ती सडू देऊन कोणाचेच भले झाले नसते. गैर होते ते त्या पैशाला नाव कोणते द्यावे, यात. ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ जे. आर. हिक्स यांनी १९३९ साली उत्पन्नाची जी व्याख्या मांडली, तिचा आशय असा की, एखाद्याने कालावधीच्या आरंभी असलेली आपली संपन्नता अखेरीस कायम ठेवून जेवढे खर्च करता येईल तेवढेच त्याचे उत्पन्न. या कसोटीवर मृत पाइनचे पैसे उत्पन्न ठरत नाहीत. ती भांडवलाची घाईने केलेली विक्री ठरते. फ्रेंच अर्थशास्त्रज्ञ बास्तिया याने १८५० साली फुटलेल्या काचेचे उदाहरण देऊन हाच भ्रम उघड केला होता. काच फुटल्याने तावदाने बसविणाऱ्यास काम मिळते हे सर्वांना दिसते. पण त्या पैशात जे घेता आले असते ते कोणाला दिसत नाही. राष्ट्रीय उत्पन्नाच्या रूढ पद्धतीत कापलेल्या लाकडाचे मोल जमेस धरले जाते. उभ्या साठ्यात झालेली घट मात्र त्यातून वजा होत नाही.

भांडवल विकून आलेला पैसा भांडवल म्हणूनच राखता येतो. नॉर्वेने आपल्या समुद्रातील तेल कधीतरी संपणार हे ओळखून १९९० साली त्यासाठी स्वतंत्र निधीचा कायदा केला. मृत लाकूड तर तेलापेक्षाही लवकर संपणारे होते. हा साठा संपल्यावर दीर्घकाळ तोड घटवावी लागणार, हे वनतज्ज्ञ वेळीच सांगत होते. तसेच घडले. २०१९ साली प्रांताच्या अंतर्भागात एकापाठोपाठ एक गिरण्या बंद पडल्या. २०१७ आणि २०१८ सालचे प्रचंड वणवे, अमेरिकेने लादलेले आयातशुल्क आणि घसरलेले भाव यांचाही त्यात वाटा होता, हे नाकारता येणार नाही. परंतु कापायला झाडच उरले नसेल तर भाव चढूनही उपयोग नसतो. २०२० नंतरच्या काही वर्षांत प्रांतातील तोड २००० च्या दशकाच्या मध्यावरील तोडीच्या निम्म्याहूनही खाली आली. जोंधळ्याचे बियाणे दळून खाणाऱ्या घरी पहिले चार दिवस भाकरीची टंचाई नसते. ती पेरणीच्या वेळी जाणवते.

यात आणखी एक खर्च आहे आणि तो साऱ्या जगाच्या माथी पडतो. जिवंत अरण्य हवेतील कार्बन शोषून घेते. मेलेले अरण्य कुजताना तो परत सोडते. कॅनडाच्या वनसेवेतील वेर्नर कुर्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली ‘नेचर’ या नियतकालिकात मांडलेल्या अंदाजानुसार २००० ते २०२० या काळात या उद्रेकाचा एकत्रित परिणाम २७ कोटी टन कार्बनएवढा होणार होता. कार्बन साठविणारे अरण्य कार्बन सोडणारे झाले. उष्णतेने कीड वाढविली आणि किडीने पुन्हा उष्णतेला इंधन पुरविले. या देण्याचा एक पैही लाकडाच्या भावात धरला गेला नाही.

युरोपची साक्ष

हा केवळ कॅनडाचा विशेष आहे, असे म्हणण्यास युरोपने जागा ठेवलेली नाही. चेक प्रजासत्ताकात गेल्या दोन शतकांत महसुलाच्या दृष्टीने सोयीचा म्हणून स्प्रूस हा वृक्ष त्याच्या नैसर्गिक थंड, उंच प्रदेशाबाहेर सखल भागातही लावण्यात आला. तो भराभर वाढतो, सरळ वाढतो आणि बाजारात खपतो. २०१८ पासूनच्या दुष्काळी, उष्ण वर्षांत त्यावर सालीखाली राहणाऱ्या भुंगेऱ्याचा हल्ला झाला. सखल भागात उष्ण वर्षी या किडीच्या तीन पिढ्यादेखील होतात. २०१९ आणि २०२० या प्रत्येक वर्षी तेथे दोन कोटी घनमीटरांहून अधिक कीडग्रस्त लाकूड तोडावे लागले आणि एकूण तोड नेहमीच्या सुमारे दुपटीवर गेली. येथे कॅनडातील तेजी लाभली नाही. सगळ्यांचाच माल एकदम बाजारात आल्याने भाव कोसळले आणि कीडग्रस्त लाकडाच्या विक्रीतून तोडणीचा खर्चही निघेना. लहान वनमालकांना सरकारी मदतीवर विसंबावे लागले. एका ठिकाणी नुकसान तेजीआड लपले, दुसऱ्या ठिकाणी ते मंदीच्या रूपाने उघडे पडले. मूळ गोष्ट दोन्हीकडे एकच होती.

साग आणि सालवृक्ष

भारतात हिमवर्षावाची पाइन अरण्ये हिमालयापुरती मर्यादित आहेत. तेव्हा कॅनडाच्या थंडीचा धडा येथे जसाच्या तसा लागू होत नाही. येथे थंडीच्या जागी पाऊस आहे. सालवृक्षाचे खोड पोखरणारा भुंगेरा, ज्याला मध्य प्रदेशात ‘साल बोरर’ म्हणतात, पहिल्या पावसाबरोबर बाहेर पडतो. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात मंडला, दिंडोरी आणि महाराष्ट्राच्या सीमेस लागून असलेल्या बालाघाट या भागांत त्याने लक्षावधी सालवृक्ष नष्ट केले. १९२० च्या दशकातही त्याच मुलुखात असाच संहार झाला होता. ताजे सालवृक्ष पाडून, त्यांची साल ठेचून, रसाच्या वासाने जमणारे भुंगेरे वेचायचे, ही जुनी पद्धत पुन्हा वापरली गेली आणि आदिवासी कुटुंबांना नगावर मोबदला देऊन भुंगेरे गोळा करण्यात आले. बाधित ठरवून किती झाडे तोडावीत, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. कीड आली की तोडीचे दार उघडते आणि त्या दारातून निरोगी झाडही बाहेर जाऊ शकते, ही शंका त्या वादाच्या मुळाशी होती. ती कॅनडातील अनुभवाशी जुळणारीच आहे.

महाराष्ट्राला अधिक जवळचा प्रश्न सागाचा आहे. पावसाळा सरताना विदर्भातील सागवनांतून प्रवास करणाऱ्यास पाने तपकिरी, जाळीदार झालेली दिसतात. ते पानांची जाळी करणाऱ्या अळीचे काम असते. पावसाळ्याच्या तोंडावर कोवळी पालवी खाणारी दुसरी अळी तिच्याहून नुकसानकारक आहे. या दोन्हींनी झाड सहसा मरत नाही, म्हणून त्यांच्याकडे कोणी लक्ष देत नाही. परंतु केरळ वन संशोधन संस्थेने १९८० च्या दशकात निलांबूरच्या सागलागवडीत केलेला अभ्यास डोळे उघडणारा आहे. पालवी खाणाऱ्या अळीपासून संरक्षण दिलेल्या कोवळ्या लागवडीत लाकडाची वाढ दर हेक्टरी वर्षाला ६.७ घनमीटर भरली. संरक्षण नसलेल्या लागवडीत ती ३.७ घनमीटर होती. वाढीचा ४४ टक्के भाग कीड खाऊन जात होती आणि झाड मात्र हिरवेगार उभे होते! न दिसणाऱ्या नुकसानाचे याहून बोलके उदाहरण मिळणे कठीण.

या अळीचे उद्रेक मान्सूनपूर्व सरींनंतर, नव्या पालवीच्या वेळी सुरू होतात. पालवी केव्हा फुटणार आणि पतंग केव्हा अंडी घालणार, यांचा मेळ पावसावर अवलंबून आहे. पाऊस अनियमित होत चालला आहे, हा शेतकऱ्यांचा रोजचा अनुभव होय. तेव्हा सागवनातील किडीचे वेळापत्रक स्थिर राहील, हे गृहीत धरणे धाडसाचे ठरेल. १९७४ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र वनविकास महामंडळाने अनेक ठिकाणी मिश्र वनांच्या जागी सागाची लागवड केली. साग मौल्यवान आहे, हे त्यामागील कारण समजण्यासारखे आहे. परंतु मिश्र वनाने दिलेला विमा त्या व्यवहारात किती रुपयांना गेला, याची नोंद हिशेबाच्या कोणत्या रकान्यात करणार?

हिशेबाची दुरुस्ती

राष्ट्रीय पातळीवरही तोच प्रश्न आहे. भारतीय वन सर्वेक्षणाच्या व्याख्येनुसार एक हेक्टर वा अधिक जमिनीवर वृक्षाच्छादन १० टक्क्यांहून अधिक असले की ते वनाच्छादन मानले जाते; झाडे कोणत्या जातीची, हा प्रश्न त्या आकड्यात विचारला जात नाही. मिश्र जंगल आणि एकजातीची लागवड तेथे समान पायरीवर येतात. धरणासाठी वा खाणीसाठी जंगल गेले, तर २०१६ च्या कायद्यान्वये भरपाई वनीकरणाचा निधी उभा राहतो. पण हेक्टरास हेक्टर आणि झाडास झाड, अशा मोजणीत किडीला तोंड देण्याची क्षमता गणली जात नाही. परीक्षेत केवळ पानांची संख्या पाहून गुण द्यावेत, तसा हा प्रकार आहे.

करावयाचे उपाय अद्भुत नाहीत. संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाने २०१२ साली पर्यावरणीय-आर्थिक लेख्यांची पद्धती आंतरराष्ट्रीय मानक म्हणून स्वीकारली आहे. तिच्या आधारे वनाच्या साठ्यात किडीने, आगीने आणि दुष्काळाने झालेली घट दरवर्षी लाकडाच्या उत्पन्नाशेजारीच छापली जावी. बाधित झाडांच्या विक्रीतून येणारा पैसा सर्वसाधारण महसुलात न मिसळता पुनर्लागवडीसाठी बाजूला ठेवावा. नव्या लागवडीत स्थानिक जातींची मिसळ ही शोभा न मानता विम्याचा हप्ता मानावी. हप्ता भरणाऱ्यास त्या वर्षी तोटाच दिसतो, हे विम्याचे स्वरूपच आहे. आणि जबलपूरच्या उष्णकटिबंधीय वन संशोधन संस्थेसारख्या संस्थांना, तसेच वनपरिक्षेत्रातील रक्षकांना, किडीची वर्षानुवर्षे सलग नोंद ठेवण्याइतके मनुष्यबळ आणि पैसा मिळावा. उद्रेक झाल्यावर नेमलेली समिती मागील दहा वर्षांच्या नोंदी निर्माण करू शकत नाही.

याला खर्च येईल, ही हरकत रास्त आहे. शाळांना खोल्या नाहीत, दवाखान्यांत औषधे नाहीत, अशा राज्यात अळ्या मोजण्यास पैसा कोठून आणावा, असे विचारले जाईल. परंतु खर्च टाळणे आणि खर्च न दिसणे, या भिन्न गोष्टी आहेत. ब्रिटिश कोलंबियाने थंडीच्या पहाऱ्यासाठी कधी पगार मोजला नाही, म्हणून तो पहारा फुकट आहे असे मानले. तो उठल्यावर गिरणीतील कामगारांनी त्याची किंमत आपल्या नोकऱ्यांनी चुकती केली. सागवनातील बिल अजून त्या आकाराचे झालेले नाही. ते दरवर्षी थोडे थोडे, न वाढलेल्या लाकडाच्या रूपाने वसूल होत आहे, आणि जमाखर्चात त्याला अद्याप रकाना नाही. तो रकाना आखणे हे वनखात्याइतकेच अर्थखात्याचेही काम आहे.